ओ न देणारं घर

आमच्या घरात हाकेला ओ देत नाहीत. हाक मारतच नाहीत म्हणा ना. स्वयंपाकघरातून कोणाला काही सांगायचं असेल तर हात पुसायचे, त्या खोलीत जायचं, त्या माणसासमोर उभं राहायचं आणि मग बोलायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी सवयीने नवऱ्याला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. वळून पाहते तो स्वारी माझ्या पाठीशी येऊन उभी. माझ्या हातातली कढई सुटता सुटता राहिली. मी म्हटलं, "अहो, 'आलो' म्हणायला पैसे पडतात का?" तो नुसता हसला, ओठांवर बोट ठेवलं आणि आईच्या खोलीकडे पाहिलं.

मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठची. आमच्याकडे माणूस चेहऱ्याच्या आधी आवाजाने ओळखतात. माझी आई अंगणातून हाक मारायची ती खाडीपलीकडच्या तरीवाल्याला ऐकू जायची, आणि तो तिकडून "ओऽऽ" द्यायचा, काम त्याच्याकडे नसलं तरी. मामा म्हणायचा, हिने नुसता घसा साफ केला तरी पलीकडच्या गावात लोक जेवायला उठतात. तो घसा वारशाने घेऊन मी शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमधल्या सहाव्या मजल्यावर, सून म्हणून आले.

या घरात प्रेशर कुकर नाही, कारण कुकर शिट्टी मारतो. डाळ मी उघड्या पातेल्यात शिजवते, वर फेस येतो तो काढत बसते, आणि गॅसला नाही तर नशिबाला दोष देते. दाराच्या बेलचा सेल काढून ठेवलेला आहे. डिलिव्हरीवाला दारात उभा राहून फोन करतो, फोन थरथरतो, मग आम्ही आधी दाराच्या भोकातून बघतो आणि मग उघडतो. टीव्ही चालतो, पण मुका; खाली अक्षरं पळतात ती वाचायची. स्टीलची भांडी ठेवायच्या मांडणीवर जुन्या टॉवेलचे तुकडे अंथरलेले आहेत. पडदे दिवसाही ओढलेले. मला आईशी फोनवर बोलायचं असलं की मी खाली पार्किंगमध्ये जाते, गाडीत बसते, काचा वर करते आणि पोटभर ओरडून बोलते. वॉचमनला पहिली काही वर्षं वाटत होतं की माझं नवऱ्याशी भांडण चालू असतं.

हे सगळं सासूबाईंसाठी. त्यांनी कधी कोणाला दटावलं नाही, हेच तर कठीण होतं. सासूने खाष्टपणा केला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते, त्यात मी कमी नाही. पण भांडं आपटलं की त्या नुसत्या दचकायच्या. जिथे असतील तिथे खाली बसायच्या, भिंतीला पाठ लावून, आणि हात तोंडावर ठेवायच्या. अशा बाईशी भांडणार कसं? मग माणूस आपणच हळू चालायला लागतो, हळू बोलायला लागतो, आणि एक दिवस लक्षात येतं की शिंकसुद्धा गिळायला शिकलोय.

सासूबाईंचा जन्म झांजिबारचा. त्यांचे वडील आमच्याच बाजूचे, धंद्याने शिंपी. तरुणपणी आफ्रिकेला गेले, तिथल्या एका अरब घरातली मुलगी केली आणि तिथेच दुकान थाटलं. चौसष्ट साली तिथलं राज्य उलटलं आणि अरबांना शोधून शोधून मारायला सुरुवात झाली. अरबांशी सोयरीक असलेले आणि हाताला लागलेले हिंदी लोकही त्यात गेले. पुस्तकांतून त्याला क्रांती म्हणतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक ओमानी आजी राहतात, त्यांचंही माहेर तिकडचं. त्या त्याला वंशसंहार म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना आवाज जरासुद्धा चढवत नाहीत.

सासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. घरात चालत आलेली गोष्ट अशी: त्या, त्यांची आई आणि दोन धाकटे भाऊ दुकानामागच्या कापडाच्या कोठीत लपले होते. वडील बाहेर अडकले होते. ते परत आले, हाका मारल्या. आतल्यांना वाटलं की हे मारेकरीच. भीतीने कोणी ओ दिली नाही. वडील गेले ते गेले. ही गोष्ट नवऱ्याने मला गाडीत सांगितली, तीही रेडिओ बंद करून. त्याला ती त्याच्या मामाकडून, सासूबाईंच्या धाकट्या भावाकडून, कळली होती, आणि मामा त्या वेळी मांडीवरचं पोर. सासूबाईंनी स्वतः एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं.

मला हे कोडं कधी सुटलं नाही. ओ न दिल्यामुळे बाप गेला असेल, तर माणसाने उलट पहिल्या हाकेला धावायला हवं. जी चूक बापाच्या जिवावर उठली ती या बाईने आयुष्यभर जपून का ठेवली? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ट्रॉमा आहे तिला. लॉजिक नको लावूस." तो जबल अलीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे, पहाटे निघतो, अंधार पडल्यावर येतो. दिवसभर फोर्कलिफ्टच्या भोंग्यांत काढणाऱ्या माणसाला घरची शांतता गोड लागत असेल. मला ती खायला उठायची. देश परका, व्हिसा त्याच्या नावावर, बाहेर ऊन असं की वर्षातले चार-पाच महिने दार उघडायची सोय नाही, आणि आत हे. मी त्या घरात कोंडले गेले होते, आणि कोंडणारं कोणी नव्हतं, हे सांगायचं तरी कोणाला?

मुलगी झाली तेव्हा वाटलं, आता हे घर हलेल. तान्ह्या पोराला कोण गप्प बसवणार? सासूबाईंनी बसवलं. पोर रडायला तोंड उघडायच्या आत त्या तिला उचलायच्या. छातीशी धरून अशा काही लयीत पाठ थोपटायच्या की ती गप्प व्हायची. मला आधी बरं वाटलं. शेजारच्या बायका रात्र रात्र जागायच्या आणि आमच्याकडे पोर आहे की नाही, इतकी शांतता. मोठी झाली तशी दादीच्या मागे मागे राहायला लागली. दादी तिला कानात गोष्टी सांगायची, केस विंचरायची, आणि एक खेळ खेळायची: मी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, नुसतं यायचं. तेही जवळ कोण आहे ते बघून. जिंकली की खजूर. माझी मुलगी त्या खेळात फार हुशार निघाली.

शाळेतून तक्रारी यायच्या की हजेरीला उत्तर देत नाही. मी म्हणायचे, लाजरी आहे. मग तिच्या तेराव्या वर्षी, जूनच्या एका दुपारी, आमची लिफ्ट बंद पडली.

मी खाली शाळेच्या बसची वाट पाहत नव्हते, कारण ती एकटी वर यायची. नेहमीची वेळ टळली, मी फोन केला, फोन लागेना. बसवाल्याला विचारलं, तो म्हणाला, सोडली की केव्हाच. मी तिला हाका मारत खाली धावले. जिन्याने, कारण लिफ्ट बंद. वॉचमन लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दारावर थापा मारून विचारून आला होता, "कोई अंदर है?" उत्तर आलं नाही म्हणून त्याने टेक्निशियनला सांगितलं, घाई नाही, रिकामी आहे. आम्ही पार्किंग शोधलं, सुपरमार्केट शोधलं, समोरच्या मोकळ्या जागेत वाळूत उन्हात फिरलो. दोन तास उलटून गेले. टेक्निशियनने आपल्या सवडीने येऊन दार उघडलं तेव्हा ती आत जमिनीवर बसलेली होती, भिंतीला पाठ लावून. युनिफॉर्म घामाने अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे, हात तोंडावर. अलार्मचं बटण तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होतं.

पाणी पाजलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मग मी विचारलं, "वॉचमनकाकांचा आवाज आला नाही का तुला?"

"आय हर्ड हिम," ती म्हणाली. "तुझा पण आला. यू वेअर शाउटिंग माय नेम."

"मग?"

"ममा, यू डोन्ट आन्सर. दादी सेज यू नेव्हर आन्सर."

त्या क्षणी मला जे वाटलं ती भीती होती आणि राग होता, आणि दोन्ही वेगळे करता येत नव्हते. ही मुलगी उद्या कुठेही अडकेल, बसमध्ये, बाथरूममध्ये, बंद गाडीत, या देशातल्या उन्हात, आणि शोधणारे लोक तिच्या दारावरून हाका मारत पुढे निघून जातील. ती मरेल, पण ओ देणार नाही.

मी वर आले आणि त्या घरात पहिल्यांदा ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. आईच्या घशाने बोलले एवढं खरं, कारण वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले होते. सासूबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. या वेळी त्या दचकल्या नाहीत. माझं संपेपर्यंत थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोर जिवंत आहे ना?"

"आहे, पण..."

"मग?" म्हणाल्या आणि पुढची काडी उचलली.

शाळेच्या समुपदेशक बाईंनी आम्हाला बोलावलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, बैरूतच्या, मूळच्या आर्मेनियन. मी त्यांना लिफ्टचं सांगितलं, घराचं सांगितलं, झांजिबारचं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मला वाटलं होतं की त्या तोंडावर हात ठेवतील. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या पणजीच्या गावाला शंभर वर्षांपूर्वी वाळवंटातून चालवत नेलं होतं आणि फार थोडे पोचले होते. पणजी कधी काही बोलली नाही. पण ती भरतकाम करायची, तिने ते मुलीला शिकवलं, मुलीने नातीला, आणि कुठल्या तरी एका पिढीत सुई हातात असताना बायका बोलायला लागल्या. हात गुंतलेला असला की तोंडावर ठेवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या लोकांकडे काय आहे?"

मला हसू आलं. म्हटलं, "आमच्याकडे नुसता आरडाओरडा आहे. लग्नातली गाणी."

"देन टेक हर टू दॅट," त्या म्हणाल्या. "पण तिच्याकडून काही काढून घ्यायला जाऊ नका. आजीकडूनही नाही."

दुबईत ऊद मेथाला एका हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी आमच्या कोकणी बायका जमतात. रत्नागिरीच्या, रायगडच्या, कोणी नर्स, कोणी अकाउंटंट, कोणी माझ्यासारख्या घरीच. कोणाच्याही घरची हळद असो, गाणी म्हणायला यांना बोलावणं असतं. एक ढोलकी आणि बाकी टाळ्या. पुढारीण म्हणजे मुरूडकडच्या एक आपा, दिवसा दवाखान्यात रिसेप्शनवर बसतात आणि तिथे म्हणे कोणाचा नंबर पुकारायला माईक लागत नाही.

गाणी सगळी चिडवण्याची. पुढारीण म्हणते, "नवरा आला विमानानं, बॅगेत काय गो?" बाकीच्या झील धरतात, "सांग गो, सांग गो." मग नवऱ्याच्या बॅगेतून काय काय निघतं ते नवऱ्याच्या आईने न ऐकलेलंच बरं. पण आमच्या खाडीपट्ट्यात एक गाणं वेगळं असतं, हाकांचं. आमचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या घरी नसतात; कोणी जहाजावर, कोणी आफ्रिकेत, कोणी आखातात. हळदीला बाप नाही, भाऊ नाही, चुलता नाही. म्हणून नवरीला ओढणीच्या आडोशाला बसवतात आणि बायका एकेका गैरहजर माणसाची हाक गातात. "मस्कतचा काका हाक मारतो, बाय गो." नवरीने आतून ओ द्यायची. ओ मिळाल्याशिवाय पुढची हाक घेत नाहीत, कारण तो माणूस दारातच उभा राहतो असं मानतात. मेलेल्यांच्या हाका शेवटी.

त्या सीझनला एका घरचं लग्न होतं आणि सरावाला खोटी नवरी लागत होती. हॉलमध्ये बिनलग्नाची माझी मुलगी एकटीच. आपांनी तिला ओढणीआड बसवलं आणि गाणं तिथेच अडकलं. मस्कतचा काका हाका मारून थकला. आत चिडीचूप. "अगं, काकाची फ्लाइट जाईल," एक म्हणाली. "काका बिचारा एअरपोर्टला झोपला," दुसरी म्हणाली. कोणी रागावलं नाही, कोणी समजावलं नाही. त्यांनी आपलं काकाला दारात उभं ठेवलं आणि दुसरी गाणी म्हटली.

सासूबाई तिथे असायच्या. नातीला माझ्याबरोबर एकटं सोडायला त्या तयार नव्हत्या, लिफ्टनंतर तर नाहीच. दाराजवळची खुर्ची धरायच्या, दाराकडे तोंड करून, पर्स मांडीवर. चिडवण्याची गाणी चालू असली की बोटं पर्सवर हलायची. हाकांचं गाणं सुरू झालं की उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये जायच्या. मला वाटायचं, आवाज सहन होत नाही. घरी जाताना आम्ही तिघी ट्रॅफिकमध्ये अडकायचो आणि कोणी एक शब्द बोलायचं नाही. मी मात्र त्या हॉलमध्ये इतक्या वर्षांनी घसा मोकळा करून गात होते, आणि घराचं दार लावताना मला रडू यायचं. बाहेर थोडी हवा खाऊन आलं की कोंदटपणा जास्त कळतो.

काही शनिवारांनी ओढणीआडून खोकल्यासारखं काहीतरी आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या वेळी एक बारीकसं "हं" आलं. आपा म्हणाल्या, "हं चालत नाही बाय. 'हं'ला व्हिसा मिळत नाही." आणि ओढणीआड माझी मुलगी हसली. मग एकदा, अगदी हलक्या आवाजात, तिने ओ दिली, आणि मस्कतचा काका शेवटी घरात आला. मी टाळ्या वाजवायचं विसरले. सासूबाई बाहेर होत्या, त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. पण त्या दिवशी घरी त्यांनी नातीला जवळ घेतलं नाही आणि न जेवताच आडव्या झाल्या. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

लग्नाच्या आधीचा शेवटचा सराव होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये कसलंसं रंगकाम चालू होतं, वास मारत होता, म्हणून सासूबाई हाकांच्या गाण्याला आतच थांबल्या. मस्कतचा काका झाला, जहाजावरचा मामा झाला. मुलगी ओ देत होती, बारीक पण देत होती. आपांना आमच्या घरची गोष्ट माहीत नव्हती. त्यांना एवढंच ठाऊक होतं की यांचे पूर्वज आफ्रिकेत होते, आणि कोणाचे नव्हते? मेलेल्यांच्या हाका सुरू झाल्या तशा त्यांनी कौतुकाने चढ्या आवाजात घेतलं, "झांजिबारचे बाबा हाक मारतात, बाय गो..."

"ती हाक नको," सासूबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. ढोलकी थांबली. आपा गोंधळल्या, म्हणाल्या, "खाला, चुकलं का काही? त्यांना दारात उभं ठेवायचं का?"

"ओ देऊ नको," सासूबाई ओढणीकडे बघून म्हणाल्या. "मुळीच देऊ नको."

ओढणी बाजूला झाली. मुलगी मांडी घालून बसली होती तशीच बसून दादीकडे पाहत होती. घरात चालत आलेली गोष्ट मी तिला लिफ्टनंतर सांगितली होती. या मुलीला इंग्रजीतून विचार करायची सवय आहे, आणि इंग्रजीत माणूस थेट विचारतो की काय कोण जाणे. आम्ही कोणी इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"दादी, त्यांनी हाक कुठल्या लँग्वेजमध्ये मारली? युअर फादर."

"आपल्या. कोकणीत."

"त्या किलर्सना कोकणी यायची?"

"नाही. ते स्वाहिली बोलायचे."

"आणि त्या गल्लीत दुसरं कोणी होतं कोकणी बोलणारं?"

"कोणी नव्हतं."

"देन यू न्यू," माझी मुलगी म्हणाली. तिचा आवाज वाढला होता. "तुम्हाला माहीत होतं की ते तेच आहेत. मग सगळे का म्हणतात, चुकून? व्हाय डिडन्ट यू आन्सर युअर ओन फादर?"

मी तिला गप्प करायला पुढे झाले. सासूबाईंनी हात आडवा करून मला थांबवलं. मग त्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी हॉलकडे पाहिलं, वीसेक बायका, पुढ्यात चहाचे कागदी कप, आणि बोलायला लागल्या. हळूच, नेहमीच्याच आवाजात.

"भर दुपार होती. ते एकटे नव्हते. माणसं त्यांना धरून गल्लीतून चालवत होती. आम्ही कुठल्या दाराआड लपलोय ते त्या माणसांना माहीत नव्हतं. बायकोला, पोरांना हाक मार, सांगत होते. ओ आली की कळलं असतं, कुठे ते. बाबांनी हाक मारली. हीच चाल." त्यांनी ढोलकीकडे बोट केलं. "घरी मला उठवायला ते हेच गाणं म्हणायचे. तेच म्हणत आले, गोड आवाजात, लाडाने बोलवावं तसं. त्या माणसांना वाटलं असेल, बोलावतोय. पण शब्द दुसरे होते."

आणि सासूबाईंनी ते गाऊन दाखवलं. त्यांना गाता येतं हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. बारीक, स्वच्छ आवाज, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आमच्या खाडीकाठची ती लांब ओढ.

"दार उघडू नुको, बाय गो... ओ देव नुको, बाय गो..."

ढोलकीवाली बाई रडत होती. मी नव्हते रडत. पातेल्यात शिजणारी ती डाळ, तो मुका टीव्ही, ती तोंडावरची बोटं, मी ज्याला इतकी वर्षं वेड म्हणत होते, ते एका बापाने सांगितलेलं शेवटचं होतं, आणि त्याची मुलगी ते पाळत होती.

"आई आमची तोंडं दाबून बसली," सासूबाई म्हणाल्या. "आवाज आमच्या दारापाशी आला. मग पुढच्या दारापाशी गेला. तिथेही तेच म्हणाले. मग त्याच्या पुढच्या. लांब जाईपर्यंत म्हणत होते."

माझी मुलगी उठून दादीच्या समोर जाऊन बसली, जमिनीवर.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"काय?"

"ओ द्यायची नाही, ते किती दिवस? त्यांनी सांगितलं होतं का, अंटिल व्हेन?"

हा प्रश्न सासूबाईंना स्वतःलाही कधी पडला नसावा.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही."

मुलगी उठली आणि हॉलच्या बाहेर गेली. दार तिने मागे लावून घेतलं. मला वाटलं, रडायला गेली. मी उठणार तेवढ्यात बाहेरून तिचा आवाज आला. माझ्या आईचा घसा कधी ना कधी कुठे तरी उतरणारच होता. त्या रंगाच्या वासाच्या कॉरिडॉरमध्ये, जिथे रंगारी काम करत होते आणि लिफ्टपाशी लोक उभे होते, माझी मुलगी त्याच चालीवर, छाती भरून, हाक मारत होती.

"दार उघड, बाय गो... ओ दे, बाय गो..."

कोणी ओ दिली नाही. आपा तोंड उघडून थांबल्या, कारण ती ओ आमच्यापैकी कोणी द्यायची नव्हती. सासूबाईंचा हात तोंडावर गेला होता. बाहेरून पुन्हा हाक आली. मी त्यांच्या शेजारी होते, तो हात धरून खाली घ्यावा असं मला फार वाटलं, पण मी घेतला नाही. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मुलीचा आवाज चिरला होता, तरी ती थांबत नव्हती.

सासूबाईंनी हात खाली घेतला.

"ओ," त्या म्हणाल्या, दाराकडे बघत. मग मोठ्याने, "ओ, बाबा."